दांडी वर जाईपर्यंत ट्रक का थांबतो?

सोलापूर सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं, की धाराशिव जिल्ह्यात शिरल्यावर तामलवाडी येतं. इथे राष्ट्रीय महामार्ग ५२ वर टोलनाका आहे. ऊस, कांदा, सिमेंट असं काहीबाही भरलेला ट्रक नाक्यावर येतो आणि एका हलक्या आडव्या दांडीपुढे थांबतो. ट्रकच्या वजनापुढे त्या दांडीचा काही पाड नाही. चालकाने ब्रेकवर पाय ठेवला नाही, तर ती क्षणात मोडून पडेल. तरीही रात्री दोन वाजता, आसपास चिटपाखरू नसताना, तो थांबतो. फास्टॅग वाचला जाण्याची वाट पाहतो आणि दांडी वर गेल्यावरच गाडी पुढे घेतो.

आश्विनात याच रस्त्यावर वेगळंच घडतं. कोजागरी पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापूरकडून लाखो माणसं पायी निघतात. त्या काळात हा रस्ता वाहनांसाठी बंद करून वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवावी लागते. चालणाऱ्यांत म्हातारीकोतारी असतात, कडेवर पोर घेतलेल्या बाया असतात, अनवाणी पोरं असतात. त्यांना कुणी नोटीस पाठवलेली नसते. गेलं नाही तर दंड नाही, गेलं तर भत्ता नाही.

तामलवाडी गावात पोलीस ठाणं आहे, ग्रामपंचायत आहे. म्हणजे एकाच शिवारात माणसं चार प्रकारांनी ऐकतात. दांडीचं ऐकतात, गणवेशाचं ऐकतात, ठरावाचं ऐकतात आणि देवीचं ऐकतात. माणूस दुसऱ्याचं का ऐकतो, या प्रश्नावर समाजशास्त्र शंभराहून अधिक वर्षं विचार करतं आहे, आणि त्याची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. ती न जुळणारी उत्तरं आपल्याच भागातल्या उदाहरणांवर घासून पाहिली, तर त्यांतलं कुठलं कुठे चालतं हे कळतं.

वेबरचा साधा प्रश्न

सुरुवात माक्स वेबरपासून करावी लागते. हा जर्मन विचारवंत १८६४ साली जन्मला आणि १९२० साली वारला. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. समोरच्याचा विरोध असूनही आपलं म्हणणं त्याच्यावर लादता येण्याची शक्यता म्हणजे सत्ता. ती कुठेही, कुणाकडेही असू शकते. वाटेत सुरा दाखवणाऱ्या चोरापाशीही ती घटकाभर असते. अधिकार मात्र तेव्हा म्हणायचा, जेव्हा आज्ञा पाळणाऱ्यालाच वाटतं की आज्ञा देणाऱ्याला ती देण्याचा हक्क आहे. चोराला पैसे देणारा माणूस सुटका होताच पोलिसांकडे धावतो. टोल देणारा महागाईच्या नावाने कुरकुरतो आणि पुढे जातो.

या हक्काच्या भावनेला समाजशास्त्रात अधिमान्यता म्हणतात. वेबरचा खरा प्रश्न तिच्याबद्दलचा आहे. माणसं एखाद्याचा हक्क मान्य करतात ते कशाच्या आधारावर? त्याने तीन आधार सांगितले. पहिला परंपरेचा: पूर्वापार असंच चालत आलं आहे म्हणून. दुसरा करिष्म्याचा, म्हणजे एखाद्या व्यक्तीत असामान्य गुण आहेत असं अनुयायांना वाटतं म्हणून. तिसरा कायद्याचा: नियम रीतसर झाला आहे आणि हुकूम देणारा त्या नियमाने नेमलेल्या पदावर बसला आहे म्हणून.

तिसऱ्या प्रकारात आपण माणसाला मानत नाही, पदाला मानतो. तहसीलदारांची बदली झाली तरी तहसील कार्यालय बंद पडत नाही. नवे साहेब येतात, जुनी फाइल उघडतात, काम पुढे चालतं. खुर्ची त्यांच्या मालकीची नसते, ती मुलाला वारसाने देता येत नाही, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या सहीला किंमत राहत नाही. आधुनिक समाजाची ओळखच वेबरला या नोकरशाहीत दिसली. तिच्या कार्यक्षमतेचं त्याला कौतुक होतं, आणि नियमांच्या या जाळ्यात माणूस कोंडला जाईल याची धास्तीही होती.

तिन्ही आधार एका देवळात

वेबरचे तीन प्रकार पुस्तकात तीन कप्प्यांसारखे दिसतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात, आणि ते पाहायला तुळजापूरच्या देवळासारखी जागा नाही.

इथले भोपे, पाळीकर आणि उपाध्ये हे पुजारी वंशपरंपरेने सेवा करतात. कुणाची पाळी कधी, कुठल्या पूजेचा मान कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. दसऱ्याला देवीच्या सीमोल्लंघनासाठी पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि देवीच्या निद्रेसाठी पलंग येतो तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. सीमोल्लंघनानंतर देवी त्या पलंगावर विश्रांती घेते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. लाखो माणसं चालत येतात ती याच पौर्णिमेसाठी. पालखी बुऱ्हाणनगरचीच का, याचं उत्तर कुठल्याही टेंडरमध्ये सापडणार नाही. तो मान आहे, आणि मान पूर्वापार आहे, एवढंच त्याचं कारण. वेबरचा परंपरागत अधिकार म्हणतात तो हाच.

पण त्याच देवळाच्या मंदिर संस्थानाचे अध्यक्ष असतात धाराशिवचे जिल्हाधिकारी. त्यांच्या जोडीला विश्वस्त म्हणून स्थानिक आमदार, तुळजापूरचे नगराध्यक्ष, उपविभागीय अधिकारी आणि तहसीलदार असतात. यांतला एकही जण जन्माने विश्वस्त झालेला नसतो. पद गेलं की विश्वस्तपणही गेलं. देवळाच्या कारभारावर नियमांची चौकट बसवण्याची सुरुवातही जुनी आहे. निजामाच्या राज्यात १९०९ साली ‘देऊल-ए-कवायत’ नावाची नियमावली झाली होती. म्हणजे पूजेचा हक्क वंशाने, हिशोबाचा हक्क पदाने. दोघांची हद्द जिथे भिडते तिथे वाद होतात, आणि ते सोडवायला न्यायालयात जावं लागतं. तिथे परंपरेलाही कागद दाखवावे लागतात. परंपरा टिकते, पण ती कायद्याच्या परवानगीने टिकते. आधुनिक समाजात परंपरेचं काय होतं, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

करिष्म्यासाठी याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याकडे पाहावं. तिथल्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक होते. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद संस्थानात १९३८ साली स्टेट काँग्रेसवर जन्मण्याआधीच बंदी आली, तेव्हा सत्याग्रह करून तुरुंगात जायला ते पुढे झाले. त्यांच्याकडे पद नव्हतं, पगार नव्हता, शिपाई नव्हता. तरी त्यांच्या शब्दावर माणसं घरदार सोडून बाहेर पडली. करिष्म्याची एक अडचण वेबरने ओळखली होती. तो व्यक्तीबरोबर जातो, आणि टिकवायचा तर त्याची संस्था करावी लागते. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ झालं, त्याला स्वामीजींचं नाव दिलं गेलं. आज त्या नावाने परीक्षांची वेळापत्रकं लागतात, गुणपत्रिका निघतात. संन्याशाचा शब्द शेवटी नियमावलीत येऊन स्थिरावला.

> चौकट: नाक्यावरची तीन उत्तरं
>
> “का थांबलास?” असं चालकाला विचारलं, तर “कायदाच आहे, टोल भरावा लागतो,” हे कायद्यावर आधारलेल्या अधिकाराचं उत्तर. “का चालताय?” असं पौर्णिमेच्या वाटेवर विचारलं, तर “आमच्या घरात आजीपासून आहे,” हे परंपरेचं. “महाराजांनी सांगितलं म्हणून दारू सोडली,” असं म्हणणारा करिष्म्याचं उत्तर देतो. आणि “नाही थांबलो तर पकडतील,” एवढंच कुणी म्हणाला, तर तिथे अधिकार संपून नुसती सत्ता उरलेली असते. एकाच माणसाच्या तोंडी ही सगळी उत्तरं वेगवेगळ्या वेळी येतात.

खुर्चीवर एक, शब्द दुसऱ्याचा

वेबर अधिकाराचा आधार सांगतो. पण पदावर बसलेल्या माणसाच्या हाती खरोखर काही आहे का, हा प्रश्न त्याच्या चौकटीत पुरता मावत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा १९९० च्या दशकात राखीव झाल्या, आणि २०११ पासून निम्म्या. आता ग्रामपंचायतीतलं एक ओळखीचं दृश्य आठवून पाहा. फळीवर सरपंच म्हणून बाईंचं नाव रंगवलेलं असतं. खुर्चीवर त्या बसलेल्या असतात, आणि शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या यजमानांशी सगळे बोलत असतात. कागद आधी तिकडे जातो, सहीपुरता इकडे येतो. कायद्याने अधिकार बाईंचा, व्यवहारात सत्ता पतीची. दोन्ही गोष्टी वेगळ्या असू शकतात, याचा याहून उघड पुरावा नको.

मग खरी सत्ता कुणाकडे आहे, हे ओळखायचं कसं? १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत यावर मोठा वाद झाला. सी. राइट मिल्स याने १९५६ साली मांडलं, की उद्योग, सैन्य आणि सरकार यांच्या शिखरावर बसलेली मूठभर माणसं एकाच वर्तुळातली असतात आणि मोठे निर्णय तीच घेतात. रॉबर्ट डाल याने न्यू हेवन शहराचा अभ्यास करून १९६१ साली उलट सांगितलं. कोण बडा वाटतो याच्या गप्पा मारू नका, म्हणाला, प्रत्यक्ष निर्णय तपासा. शाळेच्या प्रश्नात एक गट जिंकतो, रस्त्याच्या प्रश्नात दुसरा. सत्ता एका हाती नाही, विखुरलेली आहे.

हा वाद आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांवर फार छान लागू होतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० साली सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. पुढे असे कारखाने मराठवाड्यातही आले, ढोकीला तेरणा, नळदुर्गला तुळजाभवानी. एका सभासदाला एक मत. निवडणुकीत पॅनेलपुढे पॅनेल उभं राहतं, चेअरमन पडतात, नवे येतात. डाल हे पाहून म्हणाला असता, सत्ता विखुरलेली आहे. पण राज्यशास्त्रज्ञ जयंत लेले यांनी १९८१ साली महाराष्ट्राच्या राजकारणावर लिहिताना दाखवलं, की गट अनेक असले, ते एकमेकांशी जिवावर उठल्यासारखे भांडत असले, तरी त्यांचा वर्ग एकच राहू शकतो. पॅनेल कुठलंही येवो, संचालक जमीनदार बागायतदारच असतात. स्पर्धा आहे, पण ती वरच्या मजल्यावर आहे. मला लेल्यांचं म्हणणं पटतं, कारण ऊसतोड करणारा कुठल्याही पॅनेलचा सभासद नसतो.

पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बराट्झ यांनी १९६२ साली या वादात एक महत्त्वाची भर घातली. डाल ज्या निर्णयांचा अभ्यास करतो, ते निदान चर्चेला तरी आलेले असतात. जे विषय पटलावर येऊच दिले जात नाहीत, त्यांचं काय? ज्याने ग्रामसभेची विषयपत्रिका नीट वाचली आहे, त्याला हे लगेच कळेल. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च, योजनांचे लाभार्थी, आणि शेवटी “मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय”. वस्तीवरच्या गटाराचा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत ढकलला, की तो अध्यक्षांच्या परवानगीवर आला. आणखी एक वाट आहे. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली, तर तिला गणपूर्तीची अट नाही. जी सभा शंभर माणसांपुढे घ्यायची, ती दहा माणसांत उरकते, आणि इतिवृत्तात ठराव सर्वानुमते मंजूर होतो. कुणी कुणाला दटावलं नाही, विरोधी मत पडलं नाही. तरी सत्ता वापरली गेली.

आज्ञा द्यावीच लागत नाही तेव्हा

स्टीव्हन लूक्स याने १९७४ साली आणखी खोल जाऊन विचारलं. सत्तेचं पहिलं रूप निर्णय जिंकण्याचं, दुसरं विषय रोखण्याचं. पण ज्याच्यावर सत्ता चालते त्याला आपल्याला काही मागायचं आहे असं वाटूच नये, अशी व्यवस्था झाली तर? लूक्सच्या मते सत्तेचं हे तिसरं रूप सगळ्यांत पक्कं, कारण त्यात भांडणच होत नाही. इटलीचा अंतोनियो ग्राम्शी याने हीच गोष्ट मुसोलिनीच्या तुरुंगात वह्यांमध्ये लिहून ठेवली होती. १९२६ साली त्याला पकडलं, १९३७ साली तो वारला. त्याचं म्हणणं असं, की राज्य करणारा वर्ग लाठीपेक्षा संमतीवर अधिक टिकतो. ही संमती शाळेत, देवळात, वर्तमानपत्रांत आणि रोजच्या म्हणींत तयार होते, आणि लोकांना ती व्यवहारज्ञान वाटू लागते. ग्राम्शीच्या या कल्पनेला मराठीत धुरीणत्व म्हणतात. “पाची बोटं सारखी नसतात” हे वाक्य मजुरी वाढवून मागणाऱ्याला ऐकवलं जातं, तेव्हा ते नुसती म्हण राहत नाही. विषमता निसर्गाचीच आहे, असं ते सांगत असतं.

आपल्या मातीत याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण वतनाचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

महार वतन म्हणजे काय, तर गावाची आणि सरकारची पडेल ती कामं करायची आणि त्या बदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुतं घ्यायचं. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. निरोप्या म्हणून परगावी धाडायचं, सरकारी पाहुण्यांचं सामान वाहायचं, मेलेलं जनावर ओढायचं, रात्री गस्त घालायची. बोलावणं आलं आणि बाप घरी नसला, तर मुलाने जायचं. मोबदला इतका तुटपुंजा, की पोटासाठी घरोघरी भाकरी मागावी लागे. सरळ हिशोब मांडला तर हा तोट्याचा धंदा होता. तरी वतन सोडा म्हटल्यावर पुष्कळ जण बिचकत. कारण वतन हा मान होता. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्या हक्कांत असे काही होते, की ते बजावताना माणूस अधिकच खाली ढकलला जाई. तरी ते हक्क होते, आपले होते, आणि गावात आपली जागा त्यांनीच ठरत होती. जमिनीचा तुकडा लहान होता, पण तो सोडला तर गावातून मूळच उपटलं जाईल ही भीती मोठी होती.

दंडुका इथे लागलाच नाही असं मुळीच नाही. बहिष्कार होता, मारहाण होती. पण रोजच्या दिवसाला त्याची गरज पडत नव्हती. व्यवस्था माणसाच्या अभिमानातच जाऊन बसली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं हे ओळखलं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक आणलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिला ते स्वतः आले. वतनाच्या जमिनीचा मोह आणि वतनाची गुलामी ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे त्यांना आपल्याच माणसांना पटवायचं होतं. विधेयक मांडणं ही सत्तेच्या पहिल्या रूपाशी झुंज होती. परिषदा भरवणं ही तिसऱ्या रूपाशी, आणि ती जास्त अवघड होती. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. लूक्सच्या पुस्तकाला तेव्हा अजून सोळा वर्षं होती. सत्तेच्या तिसऱ्या रूपाचा शोध परदेशी विद्यापीठात लागला असं शिकवलं जातं, तेव्हा त्या आधी तडवळ्यासारख्या परिषदांत ते रूप ओळखून त्याविरुद्ध माणसं उभी केली गेली होती, हेही त्याच वर्गात शिकवलं पाहिजे असं मला तळमळीने वाटतं.

शेतात उभं राहून काढलेला फोटो

मिशेल फुको हा फ्रेंच विचारवंत या सगळ्यांना बगल देतो. त्याचं १९७५ सालचं पुस्तक तुरुंगांवर आहे. सत्ता कुणाच्या हाती आहे हा प्रश्नच तो बाजूला ठेवतो, आणि ती कुठल्या युक्त्यांनी चालते ते पाहतो. नोंद, तपासणी, हजेरी, क्रमांक, वेळापत्रक या त्या युक्त्या. जेरेमी बेंथॅम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या एका तुरुंगाचं उदाहरण तो देतो. मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडी दिसते, पण कैद्याला मनोऱ्यातला पहारेकरी दिसत नाही. आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही हे कळत नसल्यामुळे कैदी कायम नजर असल्यासारखा वागतो. नाक्यावर रात्री दोन वाजता ट्रक थांबतो, त्यामागे कॅमेऱ्याची ही करामतही आहे. कॅमेरा चालू आहे की बंद, हे चालक तपासत नाही.

शेतकऱ्याला याहून जवळचं उदाहरण ई-पीक पाहणीचं. पूर्वी तलाठी शिवारात येऊन, निदान आल्याचं दाखवून, कुठल्या गटात काय पेरलं ते सातबाऱ्यावर नोंदवायचा. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे. गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, बांधावर न थांबता शेतात जाऊन फोटो काढायचा. आपण कुठे उभे आहोत हे मोबाइल ठरवतो. नोंद चुकली तर पुढे विमा, अनुदान, हमीभावाची खरेदी अशा प्रत्येक ठिकाणी अडतं. शासन आता शेतकऱ्याकडे पाहायला येत नाही. शेतकरीच स्वतःला दिसेल असं करतो.

फुकोचं खरं वैशिष्ट्य असं, की तो या सत्तेला केवळ दडपणारी मानत नाही. ती काहीतरी घडवते. नोंद झालेला शेतकरी, पात्र लाभार्थी, थकबाकीदार असे माणसांचे प्रकार ती तयार करते. इथे मी थोडा वेगळा सूर लावीन. तलाठ्याच्या मर्जीवर असलेली नोंद शेतकऱ्याच्या हाती आली, यात मोकळीकही आहे. फुको वाचताना प्रत्येक नोंद बेडीसारखी दिसू लागते. पण ज्याच्या नावाची नोंदच कुठे नव्हती, त्या भूमिहीनाला किंवा परित्यक्तेला विचारावं, कागदावर येणं काय असतं ते.

दंडुका किती दूर पोहोचतो?

आतापर्यंतच्या सगळ्या मांडण्यांत सत्ता ही कुणीतरी दुसऱ्यावर चालवायची गोष्ट आहे. तिला दुसरी बाजू आहे, आणि ती समजायला पतसंस्था आठवावी. पतसंस्थेत ठेवीदारांचे सगळे पैसे तिजोरीत पडून नसतात, ते कर्जाऊ दिलेले असतात. रोज थोडेच लोक पैसे काढायला येतात, म्हणून व्यवहार सुरळीत चालतो. अफवा उठली आणि सगळे एकाच सकाळी पासबुक घेऊन दारात आले, की चांगली चाललेली संस्थाही दुपारपर्यंत शटर ओढते. तिजोरी आधीही तेवढीच होती. विश्वास गेला. टॅल्कट पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सत्तेची तुलना अशीच पैशाशी केली. सरकारकडची लाठी ही तिजोरीतल्या रोकडीसारखी आहे. ती थोड्यांनी न ऐकल्यास पुरते, सगळ्यांनी न ऐकल्यास कधीच पुरत नाही. आपल्या पूर्वजांनी हे “गाव करी ते राव न करी” एवढ्यात सांगितलं.

सगळेच ऐकेनासे झाले की काय होतं, हे याच रस्त्यावर एकदा दिसलं होतं. स्वातंत्र्यापूर्वी सोलापूर ब्रिटिश मुलखात होतं आणि तुळजापूर निजामाच्या. म्हणजे तामलवाडीच्या आसपास दोन राज्यांची सरहद्द होती. सरहद्दीवर निजामाचे जकात वसूल करणारे करोडगिरी नाके असत. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या तरुणांनी असे नाके ठिकठिकाणी हल्ले करून उधळले. तोही कर होता, तिथेही गणवेश होता, पावती होती. पण लोकांच्या मनातून निजामाचा हक्क उतरला होता, आणि ती जागा भरून काढायला निजामाच्या बाजूने लढणारे रझाकार आले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करणारा. रझाकारांच्या हाती शस्त्रं होती, गावं पेटवण्याची ताकद होती, पण अधिमान्यता नव्हती. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली.

हन्ना आरेंट या विदुषीने १९७० साली लिहिलं, की हिंसा आणि सत्ता या एकाच गोष्टीच्या कमीजास्त मात्रा नाहीत, त्या उलट गोष्टी आहेत. माणसं एकत्र येऊन एखादी गोष्ट ठरवतात तेव्हा सत्ता निर्माण होते. ती सरकू लागली की राज्यकर्ता बंदूक काढतो. बंदुकीने सत्ता मोडता येते, घडवता येत नाही. निजामाच्या शेवटच्या वर्षाचं याहून चांगलं वर्णन मला करता येणार नाही. मात्र आरेंटमध्ये एक उणीव आहे. माणसं एकत्र का येऊ शकत नाहीत, याकडे ती फार लक्ष देत नाही. त्यासाठी पुन्हा लूक्सकडे आणि लेल्यांकडे जावं लागतं.

आडवी बाटली

आरेंटचं म्हणणं आणि त्याची मर्यादा, दोन्ही महाराष्ट्रातल्या एका नियमात एकदम दिसतात. गावातलं परवानाधारक दारू दुकान बंद करायचं, तर गावच्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग महिलांचं गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. दुकानदाराकडे परवाना असतो, पैसा असतो, बहुधा गावातल्या वजनदार माणसांशी उठबस असते. बायांकडे यांतलं काही नसतं. एकेकटीने घरी नवऱ्याला विरोध करून जे झालं नसतं, ते रांगेत उभ्या राहिलेल्या बाया एका दिवसात करतात, आणि सरकारला तो निकाल मानावा लागतो. अनेक गावांत हे झालं आहे. मतदान गुप्त आहे याचं महत्त्वही इथे कळतं. घरात हुकमत चालवणाऱ्याला मतपेटीत डोकावता येत नाही, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरून दिलेला इशारा तिथे निरुपयोगी ठरतो.

पण बाटली आडवी व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. गावाच्या यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला जातं. आता यादी आणि हंगाम शेजारी ठेवून पाहा. दिवाळीनंतर धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत कुठल्या तरी कारखान्याच्या फडात राहतात. दारूचा भार सर्वांत जास्त ज्या बायांच्या संसारावर, त्यांतल्या पुष्कळ जणी या ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये असतात. त्यांची नावं यादीत गावात असतात, त्या असतात दोनशे-तीनशे किलोमीटरवर. म्हणून ज्या गावांतल्या बायांना हे मतदान जिंकायचं असतं, त्यांनी मागणीच्या अर्जावर सह्या घेण्याआधी टोळ्या गावी परतण्याची तारीख पक्की करावी, आणि मतदानाचा दिवस त्यानंतरचाच मिळावा म्हणून तहसीलमध्ये पाठपुरावा करावा.